कोलकाता ते सिलचर : अंतर वाढलं कसं, मिटलं कसं



आमच्या गटाच्या बैठकीला ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या बाया उन्हाळ्यात पंधरा मिनिटांत येतात. पावसाळ्यात फरशी पाण्याखाली गेली की त्यांनाच तासाभराचा वळसा पडतो. वस्ती तिथंच, ओढाही तिथंच. तेव्हा आम्हाला कळलं, की अंतर नुसतं किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. आज अशाच एका फार मोठ्या वळशाची गोष्ट सांगतो.

एक शहर कोलकाता. दुसरं आसाममधलं, बराक नदीकाठचं सिलचर. सरळ रेषेत मोजलं तर दोन्हींत सुमारे ५२५ किलोमीटर. १९४७ पूर्वी सिलचरची माणसं रेल्वेने चांदपूरला जायची, तिथून आगबोटीने गोआलंदोला आणि पुन्हा रेल्वेने कोलकात्याला. मग फाळणी झाली. मधला सगळा मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला. आपल्या सरकारने उत्तर बंगालमधून आसामकडे घाईने लोहमार्ग जोडला, तो १९५० च्या सुरुवातीला सुरू झाला. पुढे १९६५ च्या युद्धात पाकिस्तानातून होणारी उरलीसुरली वाहतूकही थांबली. बांगलादेश झाला, तरी हा वळसा सुटला नाही. आधी उत्तरेला सिलिगुडी, मग गुवाहाटी, मग डोंगर उतरून सिलचर. रेल्वेने हे अंतर १,३०० किलोमीटरच्या वर जातं. एक दिवस आणि एक रात्र उलटली तरी प्रवास संपत नाही.

माणसाने आखलेल्या एका रेघेने शेजार तोडला तो असा. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकीला ही रेघ किती लांब पडली असेल, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

विमान मात्र वरून जवळजवळ सरळ जातं. त्याचा हिशोब सोपा आहे. त्या काळचं फोकर फ्रेंडशिप हे दोन पंख्यांचं विमान ताशी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास उडायचं. म्हणजे ५२५ किलोमीटरला तास-सव्वा तास. त्यात चढण्या-उतरण्याची आणि धावपट्टीवरची थोडी मिनिटं धरायची. वारा मागून असला तर वेळ वाचतो, समोरून असला तर वाढतो.

याच मार्गावर नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं एक फोकर विमान उडालं. कॅप्टन होत्या आपल्या सौदामिनी देशमुख, सहवैमानिक निवेदिता भसीन. विमानातले सगळे कर्मचारी स्त्रियाच होत्या, आणि आपल्या देशात असं पहिल्यांदाच घडत होतं. विमान बाईच्या हाती द्यावं का, असं विचारणारे तेव्हा कमी नसतील. दिवस-रात्र खाणारा तो वळसा त्या बायांनी तास-सव्वा तासात ओलांडला.

आपल्याला विमान चालवायचं नाही. पण हिशोब तोच करायचा आहे. या महिन्याच्या बैठकीत रजिस्टरमध्ये दोन रकाने आखा, उन्हाळा आणि पावसाळा. दवाखाना, बँक, रेशन दुकान, मुलींची शाळा, प्रत्येक ठिकाणी पोचायला किती मिनिटं लागतात ते लिहा. दोन रकान्यांत जिथं जास्त फरक दिसेल, तिथं आपला पूल अडलाय असं समजा. तो कागद ग्रामसभेत नेऊन ठेवू. तोंडी तक्रार विसरली जाते, लिहिलेली मिनिटं विसरता येत नाहीत.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.