देवमाशाला कान कसे फुटले?

३ फेब्रुवारी १५९८ रोजी हॉलंडच्या किनाऱ्यावर, काटवाइक गावाजवळ, एक प्रचंड देवमासा वाळूत रुतला. बघ्यांची झुंबड उडाली. हेंड्रिक गोल्टझियस या नामवंत चित्रकाराने त्याचे रेखाटन केले आणि त्याचा सावत्र मुलगा याकोब माथाम याने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले. माशाच्या पाठीवर चढलेली माणसे, मापे घेणारे लोक, सारे त्यात आहे. अशा छापील चित्रांमुळे, समुद्र कधीही न पाहिलेल्यांनाही देवमासा 'दिसला'.

चित्रातला प्राणी स्पर्म व्हेल आहे, हे आजही चटकन ओळखता येते. पण त्याच्या डोळ्याला खेटून चक्क कानासारखे काहीतरी आहे! देवमाशाला बाहेरचे कान नसतात. डोळ्यामागे फक्त एक बारीक छिद्र असते. मग हे काय? तो आहे पुढचा पर, जागा सोडून डोळ्याजवळ सरकलेला. गाय, घोडा, कुत्रा यांच्या डोळ्यांमागे कान पाहायची सवय असलेल्या चित्रकाराने परालाच कान मानले असावे.

पुढची गंमत इटलीतली. १६०१ साली अँकोनाजवळ किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचे म्हणून एक चित्र छापले गेले. ते प्रत्यक्ष पाहून काढल्याचा दावा त्यावर होता. वास्तविक ती डच चित्राचीच नक्कल होती, कानासकट!

ही चूक किरकोळ नाही. कान म्हटले की प्रश्न संपतो. पर योग्य जागी दाखवला, तर तो खांद्याशी का, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर परामध्येच आहे : आत आपल्या हातासारखीच दंडाची, मनगटाची, बोटांची हाडे असतात. देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, याचा तो एक पुरावा.

चारशे वर्षांनंतर आपल्याकडचे दृश्य फारसे वेगळे नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत जुहूला सुमारे ३५ फुटी मृत देवमासा लागला, तेव्हा अशीच गर्दी लोटली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला अडकलेले पिल्लू सुमारे ४० तासांच्या खटपटीनंतर खोल पाण्यात सोडता आले, पण ते वाचले नाही. आता हातोहाती कॅमेरे आहेत. तरी आम्हा संशोधकांना हवे असते ते वेगळेच : जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी, डोळा ते पर अंतर, तोंडात दात की गाळणीसारख्या पट्ट्या. शेजारी मोजपट्टी नसलेला फोटो यातले फार थोडे सांगतो.

स्वारगेटहून एस.टी.ने कोकणात सहल नेणाऱ्या शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. एका विद्यार्थ्याने बांगडा पाहून चित्र काढावे, दुसऱ्याने फक्त ते चित्र पाहून, तिसऱ्याने दुसऱ्याचे पाहून. शेवटी पट्टीने मोजून पुन्हा काढावे. चारही चित्रे फळ्यावर लावा आणि विचारा : पर कुठे सरकला?