मुंबईच्या वाटेवरचे पाणसुरुंग

पहिले महायुद्ध शिकवताना मी वर्गात छातीठोकपणे सांगत असे, की आपल्या किनाऱ्याला झळ लागली ती सप्टेंबर १९१४ मध्ये, 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या तेव्हा. मुंबईला काही झाले नाही. संभाजीनगरहून समुद्र लांब, त्यामुळे कुणी मला खोडलेही नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली, की डीआरडीओच्या विशाखापट्टणमच्या प्रयोगशाळेने पाणसुरुंग शोधणारे छोटे रोबो तयार केले. नातवाने विचारले, "आजोबा, आपल्याकडे कधी कुणी असे सुरुंग पेरले होते का?" मी नाही म्हणालो. मग शंका आली, शोधाशोध केली आणि 'वोल्फ' सापडली.

वोल्फ म्हणजे लांडगा. मालवाहू बोटीचे सोंग घेतलेली ही जर्मन युद्धनौका फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईच्या वाटेवर सुरुंग सोडून निघून गेली. लोखंडी गोळा, तळाच्या वजनाला तारेने बांधलेला, पाण्याखाली तरंगत राहतो. त्याच्या शिंगाला बोट लागली की स्फोट. चार महिने गेले. जूनमध्ये पी. अँड ओ. कंपनीची 'मंगोलिया' ही प्रवासी बोट अशाच सुरुंगाने बुडाली, वीसहून अधिक माणसे गेली. तोवर 'वोल्फ' पार न्यूझीलंडकडे! तोफ डागणारा निदान समोर तरी असतो हो...

तेव्हा दोन बोटी मध्ये तार ओढत जात. तारेने सुरुंगाचा दोर कापला की तो वर येई, मग बंदुकीने फोडायचा. म्हणजे माणसांनी त्याच पाण्यात शिरायचे. (पुढे लोखंडाच्या चुंबकत्वाने फुटणारे सुरुंग आले, म्हणून लाकडी बोटी बांधल्या. त्यातली 'भटकळ' आपल्या माझगाव डॉकमधली.)

नवा रोबो माणसांना उचलून नेता येण्याजोगा आहे. आवाजाच्या लाटांनी तो तळाचे चित्र काढतो, कॅमेऱ्याने बघतो आणि सुरुंगासारखी वस्तू स्वतःच ओळखतो. माणूस लांब राहतो, हे मला फार मोलाचे वाटते. पण शोधणे वेगळे, वाट मोकळी करणे वेगळे. नौदलाचे शेवटचे सुरुंग काढणारे जहाज 'कोझिकोड' एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि नव्या जहाजांना मंजुरी मिळाली जुलै २०२५ मध्ये. मंजुरी हं, जहाजे नव्हेत!

असो. माझ्या वर्गात बसलेले कुणी हे वाचत असेल, तर तेवढे दुरुस्त करून घ्या.