एकोणचाळीस मिनिटांचे भांडण

पळस्प्याला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीचा मामा न्यू जर्सीत असतो. तिथल्या रात्री नऊला तो फोन करतो, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसात. मार्चमध्ये अचानक फोन साडेसहाला यायला लागला आणि घरच्यांची झोपमोड झाली. "सर, मामाचं घड्याळ बिघडलंय का?"

बिघडलेले नाही, मुद्दाम पुढे केलेले आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे सारतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. महायुद्धात कोळसा वाचावा म्हणून 1916 मध्ये जर्मनीने हा उद्योग सुरू केला. लंडनचा दिवस उन्हाळ्यात साडेसोळा तासांचा आणि हिवाळ्यात आठ तासांहूनही लहान असतो. तिथे अशा काटकसरीला अर्थ आहे. आपल्या पनवेलचा सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. तरी 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत इंग्रज सरकारने युद्धापायी हिंदुस्थानची घड्याळेही तासभर पुढे ठेवली होती!

मुलांना हे गमतीचे वाटले. मग मी त्यांना नमाजचा तक्ता दाखवला. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण राहतो त्र्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे. म्हणून पळस्प्याला सूर्य बाराला माथ्यावर येतच नाही. ऋतूप्रमाणे बारा एकवीस ते बारा बावन्न असा कधीतरी येतो. जोहरची वेळ त्यानंतर. सरकारने घड्याळ कितीही फिरवावे, तक्त्यावरचे आकडे बदलतील, काठीची सावली बदलणार नाही.

ही प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 ला लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती, आणि मुंबईने ती सुखासुखी सोडली नाही. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी काम बंद पाडले, दगडफेक झाली. महापालिकेने तर आपल्या घड्याळांवर मुंबई टाइम कित्येक वर्षे चालवला. अगदी स्वातंत्र्य आल्यानंतरही!

बड्या मंडळींचा हट्ट अभिमानाचा होता, असे मला वाटते. कामगाराचे तसे नव्हते. पण एवढ्याशा मिनिटांसाठी दगड कशाला, हे मुलांना पटेना.

तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "माझ्या अब्बांची पाळी सातची आहे. थंडीत ते अंधारातच निघतात."

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. मी फळ्यावर लिहिले, सात चौदा. त्यातून एकोणचाळीस वजा केले. सहा पस्तीस.

"म्हणजे जुन्या वेळेत सातला कामावर जाताना उजाडलेलं असायचं?" त्याने विचारले.

मी म्हटले, हो.