साताऱ्याचे राज्य आणि मुंबईचे गव्हर्नर : अधिकार व मर्यादा (१८१८–१८४९)

प्रस्तावना

मुंबई इलाख्याच्या इतिहासलेखनात गव्हर्नरांच्या कारकिर्दींचा परिचय बहुधा कामगिरीच्या यादीच्या रूपाने करून दिला जातो. कोणी शाळा काढल्या, कोणी घाटरस्ता बांधला, कोणाच्या काळात रेल्वे आली, अशी ती मांडणी असते. या मांडणीत गव्हर्नरची व्यक्तिगत वृत्ती हीच राज्यकारभाराची प्रेरणा होती, असे गृहीत धरलेले असते. उदार गव्हर्नर आला की प्रजेचे भले होई आणि कठोर आला की वाईट, असा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. हे गृहीतक कितपत टिकते, याची तपासणी साताऱ्याच्या राज्याच्या संदर्भात करता येते. हे राज्य इंग्रजांनी १८१८ मध्ये स्थापन केले, १८३९ मध्ये त्याचा राजा पदच्युत केला आणि १८४९ मध्ये ते राज्यच खालसा केले. या तीन निर्णयांत मुंबईच्या गव्हर्नरांचा वाटा नेमका किती होता, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

निर्मिती : एल्फिन्स्टन यांची मोकळीक

फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्यांचे पुढे काय करावे, याचा निर्णय गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी बहुतांशी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यावर सोपवला होता. राजाला केवळ जहागीर द्यावी की लहानसे राज्य द्यावे, हे दोन्ही पर्याय खुले होते. एल्फिन्स्टन यांनी राज्याचा पर्याय स्वीकारला. यामागे औदार्यापेक्षा राजकीय हिशेब अधिक होता. पेशवाईच्या अस्तानंतर मराठा सरदारांना आश्वस्त करणे आणि बाजीरावाच्या अनुयायांना शह देणे, हे दोन्ही हेतू त्यातून साधत होते.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने हे राज्य राजाला, त्याच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना कायमचे देण्यात आले. त्याच तहाने रेसिडेंटच्या मध्यस्थीखेरीज परराज्यांशी पत्रव्यवहार करण्यास राजाला मनाई करण्यात आली. एका कलमाने कायमचे दान दिले आणि दुसऱ्याने ते परत घेण्याचे निमित्त राखून ठेवले. तहानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १८१९ रोजी, एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर झाले. लंडनला पाठविलेल्या पत्राचे उत्तर येण्यास अनेक महिने लागत, असा तो काळ होता. जागेवरील अधिकाऱ्याच्या विवेकाला त्यामुळे आपोआपच वाव मिळत असे.

पदच्युती : ग्रँट ते कार्नॅक

१८२२ मध्ये प्रतापसिंहांकडे कारभार पूर्णपणे सोपविण्यात आला. रस्ते, पाणीपुरवठा व शिक्षण यांकडे त्यांनी लक्ष दिले. १८२७ ते १८३० या काळात गव्हर्नर असलेले सर जॉन माल्कम यांच्याशी त्यांचे संबंध सलोख्याचे होते. महाबळेश्वरची जागा १८२९ मध्ये खंडाळा गावाच्या मोबदल्यात इंग्रजांना मिळाली, ती याच सलोख्यात. पुढे जहागिरींवरील हक्काच्या वादावरून संबंध बिघडत गेले. सर रॉबर्ट ग्रँट यांच्या कारकिर्दीत, १८३६ मध्ये, इंग्रजी फौजेतील देशी अंमलदारांना फितविल्याचा आरोप राजावर आला आणि त्याची गुप्त चौकशी झाली. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोप त्यांत मिळविण्यात आले.

१८३९ मध्ये सर जेम्स रिव्हेट कार्नॅक गव्हर्नर म्हणून आले. कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी पूर्वी भूषविले होते. त्यामुळे गव्हर्नरची स्वतःची इच्छा काय साधू शकते, याची ही कसोटीच होती. कार्नॅक यांचा कल प्रकरण सौम्यपणे मिटविण्याकडे होता. ते स्वतः साताऱ्यास गेले. तहाचा भंग झाल्याचे राजाने लेखी मान्य केल्यास गादी कायम राहील, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. प्रतापसिंहांनी तो नाकारला. आपण न केलेल्या अपराधाच्या कबुलीवर राज्य राखण्यापेक्षा ते गमावणे त्यांनी पत्करले. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले व त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविण्यात आले. गव्हर्नरचा सौम्यपणा येथे खरा होता, परंतु आरोपांची उघड शहानिशा करण्याचा मार्ग त्यात नव्हता. माफी देऊ केली गेली, न्याय देऊ केला गेला नाही. तो मिळविण्यासाठी राजाचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी १८४० ते १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहून प्रयत्न केले. १८४७ मध्ये प्रतापसिंहांचे काशीतच निधन झाले.

विलीनीकरण : क्लार्क यांचा विरोध

शहाजी राजे ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मृत्युसमयी त्यांनी दत्तक घेतला होता. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क होते. तहातील वारस व उत्तराधिकारी या शब्दांत हिंदू रूढीप्रमाणे घेतलेला दत्तकही येतो, म्हणून राज्य खालसा करण्याचा अधिकार सरकारला नाही, अशी त्यांची भूमिका होती. साताऱ्याचे तत्कालीन रेसिडेंट बार्टल फ्रिअर हेही विलीनीकरणाच्या विरोधात होते. उलट कौन्सिलचे सदस्य जे. पी. विलोबी यांनी, अंकित राज्यात सार्वभौम सत्तेच्या मान्यतेवाचून दत्तकास राज्याचा हक्क मिळत नाही, असे प्रतिपादन केले. पुढच्याच महिन्यात क्लार्क पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले लॉर्ड फॉकलंड विलीनीकरणास अनुकूल होते. गव्हर्नर-जनरल डलहौसी यांनी विलोबी यांचे मत उचलून धरले आणि जानेवारी १८४९ मध्ये संचालक मंडळाने विलीनीकरणावर शिक्कामोर्तब केले.

१८१८ व १८४८ या दोन प्रसंगांची तुलना येथे उद्बोधक ठरते. एल्फिन्स्टन तेव्हा गव्हर्नरही नव्हते, तरी त्यांच्या मतावर एक राज्य उभे राहिले. क्लार्क प्रत्यक्ष गव्हर्नर होते, तरी त्यांच्या मताने तेच राज्य वाचले नाही. या तीस वर्षांत परिस्थिती बदलली होती. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबईचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेतला होता आणि गव्हर्नर-जनरलचे नियंत्रण घट्ट केले होते. १८३० पासून सुरू झालेल्या सुएझमार्गे आगबोटींनी लंडन जवळ आणले होते. मुख्य म्हणजे १८१८ मध्ये कंपनीला साताऱ्याचे राज्य असण्याची गरज होती, १८४८ मध्ये ती उरली नव्हती.

परिणाम

१८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी उघडकीस आली. तिचे सूत्रधार तेच रंगो बापूजी होते. ते निसटले, परंतु सप्टेंबर १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे राज्य घडविणाऱ्या एल्फिन्स्टन यांचे पुतणे होते. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने संस्थानिकांशी झालेले तह पाळण्याचे वचन दिले आणि त्यानंतर लॉर्ड कॅनिंग यांनी दत्तकाच्या सनदा दिल्या. क्लार्क यांची १८४८ मधील भूमिका अशा रीतीने सरकारी धोरण बनली. १८६० मध्ये क्लार्क पुन्हा मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८६२ मध्ये फ्रिअर त्यांच्या जागी आले. विलीनीकरणास विरोध करणारे दोघेही सर्वोच्च पदावर पोहोचले, परंतु साताऱ्याचे राज्य परत मिळाले नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की गव्हर्नरची न्यायबुद्धी वरिष्ठ सत्तेच्या हिताशी जुळली तेव्हाच ती फलद्रूप झाली. जुळली नाही तेव्हा ती दप्तरातील एक भिन्न मत म्हणून शिल्लक राहिली. यावरून गव्हर्नर निर्दोष ठरत नाहीत. विरोध नोंदविणारे फ्रिअर विलीनीकरणानंतर त्याच साताऱ्याचे कमिशनर झाले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. चांगला गव्हर्नर व वाईट गव्हर्नर ही विभागणी मात्र त्यामुळे अपुरी ठरते. ज्या व्यवस्थेत प्रजेला किंवा राजाला दाद मागण्याचे स्वतंत्र ठिकाण नव्हते, तेथे सज्जन अधिकाऱ्याचा सद्भाव हाच एकमेव आधार होता आणि पुढच्या जहाजाने नवा गव्हर्नर उतरला की तो आधारही संपत असे. प्रतापसिंहांनी माफी नाकारून न्याय मागितला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो.