श्रद्धेचा शब्द आणि डेन्मार्कचे भाषांतरकार

परभाषेतून यंत्राचे नाव घेणे सोपे असते. यंत्र बंदरावर उतरते, त्याच्याबरोबर त्याचे नावही उतरते आणि चार दिवसांत ते हमालाच्या तोंडी बसते. विचारांची गोष्ट तशी नाही. ‘फेथ’, ‘बिलीफ’, ‘माइंड’, ‘हॅपिनेस’ यांसारखे शब्द आपल्या भाषेत आणू गेले की, त्यांच्या जागी आधीच कोणीतरी बसलेले आढळते. आणि जे बसलेले असते, ते आजीच्या प्रार्थनेतून आणि न्यायालयातील शपथेतून आलेले असते. त्याला उठवता येत नाही, आणि नव्या पाहुण्याला त्याच्या मांडीवर बसवावे तर दोघांचीही अडचण होते. या अडचणीचा एक बोधप्रद इतिहास डेन्मार्क या लहानशा देशात घडला. आजच्या भाषणात तोच थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम मूळ शब्द पाहू. इंग्रजीत ‘बिलीफ’ आणि ‘फेथ’ असे दोन शब्द आहेत. पहिला इंग्रजीच्या जुन्या जर्मानिक घरातला. दुसरा लॅटिनमधील ‘फिदेस’ या शब्दापासून निघून फ्रेंचांच्या मार्गाने, १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर, इंग्रजीत आलेला. दोन घराण्यांचे दोन शब्द एका भाषेत नांदू लागले, तेव्हा त्यांनी कामाची वाटणी करून घेतली. एखादी गोष्ट खरी मानणे हे ‘बिलीफ’कडे आले, कोणावर तरी भार टाकून राहणे, त्याच्याशी एकनिष्ठ असणे, हे ‘फेथ’कडे गेले. मराठीत आपण ‘समजूत’, ‘विश्वास’, ‘श्रद्धा’, ‘निष्ठा’ अशा पायऱ्या करतो. डॅनिश भाषेवर मात नॉर्मनांची स्वारी झाली नाही. तिच्याजवळ या सर्वांसाठी मुख्यतः एकच शब्द राहिला : ‘ट्रो’.

हा ‘ट्रो’ इंग्रजीतील ‘ट्रू’, ‘ट्रस्ट’ आणि ‘ट्रूथ’ यांचा सख्खा भाऊबंद. त्याचा परिवार पाहण्यासारखा आहे. ‘ओव्हरट्रो’ म्हणजे अंधश्रद्धा. अक्षरशः, प्रमाणाबाहेर गेलेली श्रद्धा. ‘मिसट्रो’ म्हणजे संशय. ‘वानट्रो’ म्हणजे धर्म न मानणारा. ‘उट्रो’ म्हणजे पतीशी अथवा पत्नीशी प्रतारणा करणारा, आणि ‘बेट्रो’ म्हणजे विश्वासाने एखाद्याच्या हाती सोपविणे. आपल्याकडेही ‘विश्वास’ या एका शब्दापासून ‘अविश्वास’, ‘विश्वासू’, ‘विश्वासघात’ अशी संतती झालीच आहे. तेव्हा डॅनिश भाषेत शब्दांचे दारिद्र्य आहे, असे कोणी समजू नये. तिने देवाचे आणि माणसाचे नाते एकाच सुताने विणले आहे, एवढेच.

१५३६ मध्ये डेन्मार्कमध्ये धर्मसुधारणा झाली. तोपर्यंत तेथील उपासना लॅटिनमध्ये होत असे. लॅटिनमध्ये ‘क्रेदो’ हे क्रियापद वेगळे आणि ‘फिदेस’ हे नाम वेगळे. १५२४ मध्ये डॅनिशमध्ये नवा करार छापून निघाला, १५५० मध्ये संपूर्ण बायबल आले, आणि या दोन्ही लॅटिन शब्दांचे काम ‘ट्रो’ या एकाच शब्दावर पडले. तेथील प्रत्येक शेतकऱ्याच्या कानावर रविवारी हा शब्द पडू लागला आणि तो पवित्र झाला.

परंतु सोमवारी बाजारात तोच शब्द दुसऱ्याच कामाला लागतो, आणि येथे भाषांतरकाराची खरी कसोटी सुरू होते. इंग्रज मनुष्य ‘आय थिंक’ असे म्हणतो, तेव्हा डॅनिश भाषांतरकाराला चार क्रियापदांपैकी एक निवडावे लागते. प्रत्यक्ष विचार करण्याची क्रिया असेल तर ‘टेंके’. विचारान्ती बनलेले मत असेल तर ‘मेने’. स्वतःच्या अनुभवावरून बनलेली आवडनिवड असेल तर ‘स्यूनेस’. आणि खात्री नसताना केलेला तर्क असेल तर पुन्हा आपला ‘ट्रो’! समजा, एखादे पुस्तक मी वाचले आहे आणि ते मला चांगले वाटले. तर मी ‘स्यूनेस’ वापरीन. ते मी वाचलेलेच नाही, पण चांगले असावे असा माझा अदमास आहे. तर मी ‘ट्रो’ वापरीन. म्हणजे जो शब्द मंदिरात आयुष्याची अढळ खूणगाठ सांगतो, तोच शब्द रस्त्यावर ‘बहुधा पाऊस पडेल’ एवढेच सांगतो. शेजारच्या शब्दांवरून ऐकणाराला त्यातला भेद कळतो. पण भाषांतरकाराला तो वाक्यावाक्यात सांभाळावा लागतो.

मराठी माणसाला या बाबतीत एक गंमत वाटेल. आपण ‘मी वाटतो’ असे म्हणत नाही, ‘मला वाटते’ असे म्हणतो. जुन्या डॅनिशमध्येही ‘स्यूनेस’ची रचना अशीच होती : कर्ता ‘मी’ नसून ‘मला’. जुन्या इंग्रजीतील ‘मीथिंक्स’ हा त्याचाच अवशेष. पुढे या दोन्ही भाषांनी ‘मी’ला कर्त्याच्या आसनावर बसविले. मराठीने मात्र मत हे माणसाकडे चालून येते, ही जुनी नम्रता अजून सोडलेली नाही.

अमूर्त विचारांचे बरेचसे शब्द डॅनिशने जर्मनच्या नमुन्यावर घडविले. ‘कल्पना’, ‘संकल्पना’, ‘शास्त्र’ यांना तेथे जे शब्द आहेत, त्यांच्यावर जर्मन शब्दांची छाया स्पष्ट दिसते. अठराव्या शतकाच्या मध्यावर फ्रेडरिक क्रिश्चन आयलशोव्ह या तरुण विद्वानाने शास्त्रे लोकांच्या भाषेत शिकवावीत, असा पक्ष मांडणारा प्रबंध १७४७ मध्ये लिहिला. आणि गंमत अशी की, तो लॅटिनमध्ये लिहिला! तत्त्वज्ञानासाठी त्याने नवे डॅनिश शब्द घडविले. १७५० मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो वारला. त्याच्यापुढचे आव्हान लॅटिनचे आणि जर्मनचे होते. इंग्रजी विचारांची मोठी लाट यावयाला अजून शंभरावर वर्षे होती.

ती लाट १८६९ मध्ये आली. त्या वर्षी इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिल याचा स्त्रियांच्या पराधीनतेवरील ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी गेओर्ग ब्रांडेस या सत्तावीस वर्षांच्या डॅनिश टीकाकाराने त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. मिलच्या शीर्षकातील शब्द ‘सब्जेक्शन’ हा होता. कोणाच्या तरी अधीन असणे, एवढाच त्याचा सरळ अर्थ. कायद्याच्या पुस्तकातही तो शोभावा. ब्रांडेसने योजलेला शब्द ‘उंडरकूएल्से’ हा होता. त्यात ‘कूए’ हे क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ धाक घालून दडपणे, नामोहरम करणे असा होतो. अधीनता ही एक स्थिती आहे. दडपणूक हे कोणीतरी केलेले कृत्य आहे. वाचकाने डॅनिश मुखपृष्ठ पाहिले की, ‘दडपणारा कोण?’ हा प्रश्न पुस्तक उघडण्यापूर्वीच त्याच्या मनात उभा राहावा. १८७१ मध्ये माटिल्डे आणि फ्रेडरिक बायर या दांपत्याने डॅनिश स्त्रियांची संस्था स्थापन केली; १८७५ मध्ये विद्यापीठाची दारे स्त्रियांना उघडली; १९१५ मध्ये त्यांना संसदेसाठी मताधिकार मिळाला. हे सारे एका शब्दाने झाले, असे म्हणणे वेडेपणाचे होईल. परंतु चळवळीला प्रथम आपल्या दुःखाचे नाव सापडावे लागते, हे मात्र खरे.

१८७२ मध्ये ब्रांडेसने मिलचा उपयुक्ततावादावरील ग्रंथही डॅनिशमध्ये आणला. येथे ‘हॅपिनेस’ला त्याने ‘ल्यूके’ हा शब्द घातला.  पण ‘ल्यूके’ म्हणजे सुख आणि ‘ल्यूके’ म्हणजे दैव, नशीब, सुदैव हेही! जास्तीत जास्त लोकांचे सुख हे नीतीचे माप ठरवावयाचे, आणि त्या सुखाच्या नावातच दैवाची सावली पडलेली! कदाचित म्हणूनच भाषांतराच्या शीर्षकात ‘ल्यूके’बरोबर उपयुक्ततेचा दुसरा शब्दही जोडलेला दिसतो. एका खांबावर छप्पर तोलेना, तेव्हा शेजारी दुसरा खांब उभा केला.

याच सुमारास डार्विन डॅनिश बोलू लागला. भाषांतरकार होता येन्स पेटर याकोब्सेन. जन्म १८४७ चा, शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ, वृत्तीने कवी. जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथाच्या पाचव्या इंग्रजी आवृत्तीवरून त्याने केलेले भाषांतर १८७१-७२ मध्ये निघाले. ज्याला आपण ‘नैसर्गिक निवड’ म्हणतो, त्याला त्याने ‘क्वालिटेट्सव्हाल्ग’, म्हणजे ‘गुणांची निवड’, असा शब्द दिला. आणि शीर्षकाच्या उत्तरार्धात डार्विनने अनुकूल वंशांचे ‘रक्षण’ म्हटले होते, तेथे याकोब्सेनने अधिक सुस्थितीतील रूपांचा ‘विजय’ असे लिहिले.

या दोन बदलांचा परिणाम विचार करण्यासारखा आहे. डार्विनच्या निसर्गाला गुणावगुणांचे भान नाही. जे परिस्थितीला जुळते ते उरते. ‘गुणांची निवड’ म्हटले की, निवडणारा कोणी पारखी आहे आणि निवडले गेले ते श्रेष्ठ आहे, असा भास होतो. ‘रक्षण’ म्हणजे तगणे. ‘विजय’ म्हणजे जिंकणे. निसर्गातील एक निर्हेतुक घटना डॅनिश शीर्षकात रणांगणावरील पराक्रमासारखी झाली. यात याकोब्सेनला दोष देण्याचे कारण नाही. शास्त्र नवे, शब्द नवे, आणि ‘निवड’ या मूळ इंग्रजी शब्दावरही ‘निवडणारा कोण?’ हा आक्षेप इंग्लंडातच आला होता. पुढे डॅनिश शास्त्रज्ञांनी ‘नैसर्गिक निवड’ असाच सरळ शब्द रूढ केला आणि ‘क्वालिटेट्सव्हाल्ग’ इतिहासजमा झाला.

याकोब्सेनच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. त्याची स्वतःची धर्मश्रद्धा गेली होती. १८८० मध्ये त्याने ‘नील्स ल्यूने’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक निरीश्वरवादी आहे. त्याने आपल्या मताची केलेली पत्नी मरणसमयी धर्मोपदेशकाला बोलावणे धाडावयास सांगते, आणि पुढे मुलाच्या मृत्युशय्येजवळ तो स्वतःच गुडघे टेकतो. लेखक त्याचा उपहास करीत नाही, की त्याचा विजयही दाखवीत नाही. ‘ट्रो’ हा शब्द कोशातून काढता येतो. माणसाच्या आतून तो काढताना काय तुटते, हे त्या भाषांतरकाराने जाणले होते.

आता हाच प्रवास उलट दिशेने पाहू. सोरेन किर्केगार्ड हा डॅनिश तत्त्वज्ञ १८१३ मध्ये जन्मला आणि १८५५ मध्ये वारला. १८४४ च्या एका ग्रंथात त्याने ‘ट्रो’ सामान्य अर्थाने एक आणि विशेष, श्रेष्ठ अर्थाने दुसरा, असा भेद केला. डॅनिश वाचकाला शब्द एकच दिसतो आणि भेद मनात करावा लागतो. इंग्रज भाषांतरकाराची दशा याच्या उलट : कोठे ‘बिलीफ’ आणि कोठे ‘फेथ’, हे त्याने ठरवावयाचे! त्याच वर्षी किर्केगार्डने ‘आंगेस्ट’ या मनोवस्थेवर ग्रंथ लिहिला. १९४४ च्या इंग्रजी भाषांतरात तिला भयसूचक ‘ड्रेड’ हा शब्द मिळाला. १९८० च्या भाषांतरात चिंतासूचक ‘अँग्झायटी’ आला. ग्रंथ तोच, पण एका पिढीने त्यात भीती वाचली, दुसरीने अस्वस्थता.

हा प्रश्न आज केवळ विद्वानांपुरता आहे, असेही नाही. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. त्याच्या अठराव्या कलमात प्रत्येकाला आपला धर्म किंवा ‘बिलीफ’ बदलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ‘धर्म किंवा’ असे म्हणून पुढे ‘बिलीफ’ घालण्यात एक हेतू आहे : जो कोणताही धर्म मानीत नाही, त्याच्या जीवनविषयक मतालाही संरक्षण मिळावे. डॅनिश पाठात तेथे ‘ट्रो’ हाच शब्द आला; युरोपीय संघाच्या २००० सालच्या हक्कांच्या सनदेतही तोच आला. आता ज्याला निरीश्वरवादी म्हणावे तो तर ‘मला ट्रो नाही’ असेच सांगतो. त्याचे संरक्षण करणारा शब्द त्याच्याच विरोधी पक्षातला! कायदेपंडित त्याचा व्यापक अर्थ लावतात, हे खरे. पण सामान्य नागरिक कलम वाचतो ते शब्दाच्या घरगुती अर्थाने.

आश्चर्य असे की, दुसरा शब्द डेन्मार्कच्या हाताशी होता. ५ जून १८४९ च्या राज्यघटनेने नागरिकांना आपापल्या खात्रीप्रमाणे ईश्वराची उपासना करण्याचे स्वातंत्र्य दिले. माझ्या कॅथलिक पंथीयांनाही तेथे मोकळेपणी उपासना करता येऊ लागली ती तेव्हापासून. या घटनेत ‘ट्रो’ नाही, ‘ओव्हरबेविस्निंग’ हा शब्द आहे. त्याच्या पोटात ‘बेविस’, म्हणजे पुरावा, हा शब्द दडलेला आहे. मन पुराव्याने जिंकले गेले, म्हणजे ‘ओव्हरबेविस्निंग’. हा शब्द धार्मिकालाही चालतो, धर्म न मानणाऱ्यालाही चालतो. तथापि त्याला ‘ट्रो’ची ऊब नाही, मातेने लेकराला शिकवावयाचा तो शब्द नव्हे.

या इतिहासाचा एक धागा आपल्या भाषेपर्यंतही येतो. बंगालमधील सेरामपूर ही १७५५ पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कची वसाहत होती. इंग्रज कंपनीच्या मुलखात मिशनरींना मज्जाव होता, म्हणून १८०० मध्ये विल्यम कॅरी या इंग्रजाने डॅनिश निशाणाच्या आश्रयाने तेथे बिऱ्हाड केले. १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण निघाले, १८१० मध्ये मराठी कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. म्हणजे कोपनहेगनमध्ये मिल आणि डार्विन यांच्यासाठी शब्द शोधले जाण्यापूर्वी साठेक वर्षे, डॅनिशांनीच वसविलेल्या एका गावी ‘फेथ’ला मराठी शब्द कोणता, हा प्रश्न विचारला जात होता, आणि त्या गावावर राज्य करणाऱ्यांच्या भाषेत जे काम एका शब्दाने केले, त्यासाठी मराठी पंडितांपुढे चार-पाच शब्द हात जोडून उभे होते.

तेव्हा शब्द पुष्कळ असले म्हणजे भाषांतर सोपे होते, आणि एकच असला म्हणजे अवघड होते, असा नियम सांगता येत नाही. एक असला तर भेद सांभाळावा लागतो, अनेक असले तर ऐक्य सांभाळावे लागते. डेन्मार्कच्या भाषांतरकारांनी कोठे मूळ शब्दाला धार आणली, कोठे त्याची दिशा बदलली, कोठे दोन शब्द जोडून काम भागविले. त्यांचे काही शब्द टिकले, काही गेले. पण त्यांनी नवा विचार परक्या भाषेतच पडू दिला नाही; आपल्या घरातील शब्दांशी त्याची गाठ घालून दिली आणि त्यातून होणारा वाद सोसला. श्रद्धेविषयी अथवा अश्रद्धेविषयी कोणत्याही समाजाला मनापासून बोलावयाचे असेल, तर ते त्याने आपल्या आईच्या भाषेतच बोलले पाहिजे. त्या भाषेला शब्द अपुरा पडला, तर भाषेला लाज नाही. तो शोधण्याचे आपण टाळले, तर मात्र आपल्याला आहे.