साबणाआधीचा साबण

माझी आजी 'साबून' म्हणायची, शेजारच्या काकू 'साबण' म्हणायच्या. शब्द एकच, अरबीतून आलेला. केसांना मात्र दोघींच्याही घरी रिठे-शिकेकाईच. आम्हा बीडकरांपासून समुद्र फार लांब. तरीही आज समुद्रातल्या किड्यांची गोष्ट सांगणार आहे. ती सुरू होते या रिठ्याच्या फेसापासून.

तेल आणि पाणी आपणहून मिसळत नाहीत. मध्ये कुणीतरी लागतो, एका हाताने पाणी धरणारा, दुसऱ्याने तेल. रिठा, साबण, धुण्याची पावडर, सगळ्यांचं काम हेच. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई पडली आणि कृत्रिम अपमार्जक तयार झाले. पुढे ते खनिज तेलापासून बनू लागले. ते लवकर कुजत नसत, म्हणून १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग तरंगू लागले.

हेच काम जिवाणू कितीतरी आधीपासून करत होते, आणि त्यांचा फेस मातीत मिसळून जात होता. १९६८ मध्ये जपानी संशोधकांना 'बॅसिलस सबटिलिस' या जिवाणूत 'सरफॅक्टिन' नावाचं द्रव्य सापडलं. मातीत, गवतावर राहणारा हा साधा जीव! पण त्याच्या अगदी थोड्या द्रव्याने पाण्याचा पृष्ठताण ७२ एककांवरून २७ पर्यंत उतरतो.

आपल्याकडेही हे काम झालं. पुणे विद्यापीठात डॉ. बी. ए. चोपडे यांच्या चमूने माणसाच्या निरोगी त्वचेवरच्या जिवाणूंचा अभ्यास केला. तेल-पाणी एकजीव करणारं द्रव्य ते बनवतात, हे त्यांनी २००१ मध्ये मांडलं. म्हणजे आपण साबणाने अंग धुतो, तेव्हा अंगावर आधीच हे कारागीर बसलेले असतात! माझ्या बी.ए.च्या पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे, त्या मराठवाड्याच्या विद्यापीठाचे ते २०१४ ते २०१९ कुलगुरू होते.

आता ते किडे. २०१३ मध्ये इटली आणि जर्मनीच्या संशोधकांनी गांडुळाच्या नात्यातल्या, डोक्यावर पिसांचा तुरा असलेल्या सागरी किड्यांसोबत राहणारे जिवाणू तपासले. त्यांतही असं द्रव्य बनवणारे निघाले. समुद्रात सांडलेलं तेल फोडायला अशी द्रव्यं उपयोगी पडतात. मुंबईजवळ ७ ऑगस्ट २०१० रोजी दोन जहाजांची टक्कर होऊन तेल पसरलं, तेव्हा कोळ्यांच्या पोटावर काय बेतलं, ते आठवून पाहा.

अडचण खर्चाची. या जिवाणूंना खाऊ घालणं महाग पडतं. पण १९९७ मध्ये चंदीगडच्या संशोधकांनी त्यांना साखर कारखान्याची मळी खायला दिली आणि काम झालं.

मळी! हा शब्द ऐकला की मी समुद्रावरून थेट घरी येतो. दरवर्षी आमच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. फडातून पालावर परतलेल्या बाईला आधी हात धुवायला साबण लागतो. तिच्या उसाच्या मळीतून उद्या साबणाचे कारखाने उभे राहतील. त्यातला एक तरी बीडला असावा. तिला वर्षभर गावातच काम मिळावं, एवढंच माझं मागणं.