पेटीवरील एकतीस वर्षांची बंदी
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, निदान शेजारी तरी, एक पेटी असतेच. एकादशीचे भजन असो, शाळेतील प्रार्थना असो की मुलीचा गाण्याचा पहिला धडा असो, पेटी उघडल्याशिवाय आरंभ होत नाही. भाता हलला, काळी चार की पांढरी एक हे ठरले, की मंडळी सावरून बसतात. हे वाद्य इतके अंगवळणी पडले आहे की ते परदेशातून आले आहे याची आठवणही कोणाला होत नाही. अशा या घरगुती वाद्याला याच नभोवाणीच्या दारात एकतीस वर्षे मज्जाव होता, असे सांगितले तर आजच्या तरुण श्रोत्यांना ते खरे वाटणार नाही. पण ते खरे आहे. १ मार्च १९४० रोजी ऑल इंडिया रेडिओने आपल्या सर्व केंद्रांवर हार्मोनियम बंद केली आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. त्या बंदीची हकीगत आज सांगावयाची आहे. ती केवळ एका वाद्याची हकीगत नाही. नवे यंत्र घरात आले म्हणजे त्याविषयी जाणकार काय म्हणतात, सामान्य माणूस काय म्हणतो, आणि अखेर कोणाचे चालते, हा तिचा खरा विषय आहे.

प्रथम पेटीचे मूळ पाहू. पॅरिसमधील अलेक्झांडर दबँ याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. युरोपातील ज्या लहान चर्चना मोठ्या नळ्यांचा ऑर्गन परवडत नसे, त्यांची सोय या वाद्याने झाली. मिशनरी आणि इंग्रज अधिकारी यांच्याबरोबर ते हिंदुस्थानात आले. तेव्हा ते पायाने चालवावे लागे व वाजविणारा खुर्चीवर बसे. आपली बैठक मात्र जमिनीवरची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी एका हाताने भाता व दुसऱ्या हाताने सूर अशी हातपेटी तयार केली, आणि परदेशी वाद्य मांडी घालून बसले. येथूनच त्याचा खरा प्रसार झाला. पेटी उचलून नेता येई, पावसाळ्यातही तिचा सूर सहसा उतरत नसे, आणि तंबोऱ्यासारखी ती दर वेळी जुळवावी लागत नसे. ज्या घरी गवई येणे शक्य नव्हते त्या घरीही स्वर आला.

आपल्या मराठी रंगभूमीचा यात मोठा वाटा आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाचा पाया घातला. पुढे नाटकाच्या साथीला पायपेटी व ऑर्गन ही वाद्ये रूढ झाली. नाटक मंडळ्या जेथे जेथे गेल्या तेथे तेथे पेटीचा नादही गेला. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव येथील मराठी घरांत नाट्यपदे शिरली ती पेटीच्याच आधाराने. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी तर साथीच्या या वाद्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

इतके झाल्यावर विरोध कशासाठी? तो समजण्यासाठी थोडा हिशोब करावा लागेल. पेटीतील सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीपासून नेमकी १०० भागांवर येते. परंतु तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली असता तिच्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो षड्जापासून सुमारे ३८६ भागांवर असतो, आणि पेटीचा गंधार ४०० वर. चौदा भागांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटेल, पण तयार कानाला तो खड्यासारखा टोचतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटीत निघत नाही. दरबारीचा कोमल गंधार ज्या आंदोलनाने ओळखावा, ते आंदोलन पट्टीवर बोट ठेवून येणार कसे? तेव्हा जाणकारांची तक्रार खोटी नव्हती, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न आपल्याच भागात झाला, याचा मात्र आपणांस विसर पडला आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडून १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. ई. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाने त्यांच्याशी हातमिळवणी केली, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य मिळाले, आणि लंडनच्या मूर नावाच्या कारागिराकडून श्रुतींची हार्मोनियम तयार करवून घेण्यात आली. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली, पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने, बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे या श्रुती-हार्मोनियमवर बरीच चर्चा झाली. पण विद्वानांचे समाधान झाले नाही आणि ती पेटी बाजारात रुळली नाही. गवयाच्या गळ्यातील श्रुती पट्ट्यांत बसविणे कठीण, आणि बसविल्या तरी त्या वाजविणे त्याहून कठीण, हा त्यातील धडा होता. सामान्य माणसाने आपली बारा सुरांचीच पेटी पसंत केली.

याच सुमारास विरोधाला दुसरे एक अंग फुटले, ते स्वदेशीचे. आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ सालच्या आपल्या निबंधसंग्रहात ग्रामोफोन आणि हार्मोनियम या दोहोंवर टीका केली. परदेशी यंत्रे आपली अभिरुची बिघडवीत आहेत, असा त्यांचा रोख होता. गमतीची गोष्ट अशी की पेटीविरुद्ध बोलणाऱ्यांत युरोपियनही होते. जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. त्यांनी १९३८ मध्ये रेडिओच्या ‘इंडियन लिसनर’ या नियतकालिकात हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांनी कलकत्ता केंद्राला पत्र पाठवून पेटी हद्दपार करण्यास पाठिंबा दिला. त्यांच्या आश्रमात ती आधीच वर्ज्य होती. मग मार्चमध्ये हुकूम निघाला. त्या वेळी रेडिओचे प्रमुख लायोनेल फील्डन हे इंग्रज गृहस्थ होते. म्हणजे परदेशी वाद्य परदेशी अधिकाऱ्याने, परदेशी संगीतकाराच्या टीकेनंतर आणि स्वदेशी कवीच्या संमतीने बंद केले!

येथे एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. परदेशीपणा हाच दोष असेल तर व्हायोलिनचे काय? तेही युरोपचेच, पण त्याला रेडिओवर कधी अटकाव झाला नाही, कारण त्यावर मींड निघते. यावरून दिसते की खरा आक्षेप स्वरांचा होता आणि स्वदेशीचा आवेश त्याला वर जोडला गेला. दोन निरनिराळी कारणे एकत्र बांधली म्हणजे मत भक्कम दिसते, पण तपासणे कठीण जाते. आजही नव्या यंत्रांविषयी आपण बोलतो तेव्हा हीच गफलत करतो.

स्वातंत्र्यानंतर ही बंदी उठेल असे पुष्कळांना वाटले असेल. पण तसे झाले नाही. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे होते. शास्त्रीय संगीताला राजाश्रय गेल्यावर रेडिओचा आश्रय मिळावा ही त्यांची तळमळ खरी होती, आणि त्यामुळे कित्येक गवयांच्या घरची चूल पेटली हेही खरे आहे. परंतु त्यांनी पेटीवरील बंदी कायम ठेवली आणि चित्रपटगीतांनाही आवर घातला. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावले. १९५२ च्या अखेरीस तेथे अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिचीच झाली. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. चित्रपटगीताला सिलोनचा आसरा होता. पेटीला तोही नव्हता.

आणि तरीही पेटी मेली नाही. स्टुडिओच्या काचेआड गवई सारंगीबरोबर गाई, आणि त्याच आठवड्यात गणेशोत्सवाच्या मांडवात पेटीबरोबर. बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे विद्यार्थ्यांना पेटी शिकवीत राहिले. आप्पा जळगावकर आणि गोविंदराव पटवर्धन यांचे हात मैफलींतून घडले. गोव्यातील बोरी गावी जन्मलेले तुळशीदास बोरकर यांनी पेटीलाच आयुष्य वाहिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वतः पेटी वाजविणाऱ्या पु. ल. देशपांडे यांनी या बंदीच्याच काळात आकाशवाणीत नोकरी केली, हाही एक योगायोगच. मात्र ज्या पेटीवाल्यांना मोठ्या गवयांची संगत लाभली नाही, त्यांचे काय? रेडिओचा करार म्हणजे त्या काळी कलावंताला मान आणि ठरलेले मानधन. ते दार त्यांना बंद होते, आणि आपली कला कमी प्रतीची आहे असा सरकारी शिक्काही कपाळी बसला होता. एका हुकुमाची ही किंमत कोणत्याही हिशेबवहीत नोंदलेली नाही.

न्यायाने बोलावयाचे तर बंदीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेटीच्या लाटेत सारंगी मागे पडत चालली होती. शिवाय सारंगियांना समाजात हलके लेखले जाई. रेडिओने त्यांना नोकऱ्या दिल्या आणि ती अवघड विद्या काही काळ जगविली. पेटी खुली असती तर हे घडले असते की नाही, सांगता येत नाही.

मी ख्रिस्ती घरात वाढलो, म्हणून याच काळातील एक वेगळे चित्र मला विशेष जाणवते. डिसेंबर १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने उपासनेसंबंधीचा मसुदा संमत केला. मिस्सा मातृभाषेत म्हणण्याची वाट मोकळी झाली आणि देशोदेशींच्या संगीताला मान देण्यास सांगितले गेले. मग लॅटिन गीतांच्या जागी मराठी गीते आली. त्यांच्या साथीला देशी वाद्ये म्हणून काय आले? तबला आणि पेटी! जी पेटी युरोपच्या गरीब चर्चमध्ये जन्मली, ती शंभराहून अधिक वर्षांनी आमच्या चर्चमध्ये ‘आपले वाद्य’ म्हणून शिरली. आणि त्याच वेळी दिल्लीच्या दफ्तरात ती परकी म्हणून बाहेर उभी होती. माझ्या लहानपणी पेटी वाजविणारे वृद्ध मास्तर भाता ओढताना डोळे मिटून घेत. हे वाद्य फ्रान्सचे आहे असे त्यांना कोणी सांगितले असते तर ते हसले असते. वाद्य कोठून आले याचा दाखला इतिहासात सापडतो. पण ते कोणाचे झाले हे वाजविणाऱ्याच्या मांडीवर ठरते.

१९७० मध्ये आकाशवाणीने या प्रश्नावर एक चर्चासत्र घेतले, आणि १९७१ मध्ये बंदी सैल झाली. तीही सर्वांसाठी नव्हे. प्रथम वरच्या श्रेणीच्या कलावंतांना साथीसाठी पेटी घेता येऊ लागली. एकलवादनाला तर त्यानंतरही कित्येक वर्षे परवानगी नव्हती. वाद मात्र संपलेला नाही. २०२२ मध्ये अमृतसरच्या अकाल तख्ताच्या जथेदारांनी सुवर्णमंदिरातील कीर्तनातून तीन वर्षांत पेटी हळूहळू काढून तंतुवाद्ये आणावीत, अशी सूचना केली. दुसरीकडे, शुद्ध गंधार साधून पेटी लावून देणारे कारागीर आज आहेत, आणि ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार करून देवलांचे जुने स्वप्न पुन्हा हाती घेतले. बंदीने जे साधले नाही ते कानस आणि चिकाटी यांनी साधू लागले आहे.

माझ्या वर्गातील मुले आज मोबाईलमधील तंबोऱ्यावर सूर लावतात. १९७९ मध्ये बंगळूरच्या राज नारायण यांनी विजेवरचा तंबोरा काढला. त्याच्यावर कोणी बंदी घातली नाही आणि आता तो खिशात आला. घरातील वडीलधारी मंडळी त्याला नावे ठेवतात, मुले ‘सोयीचा आहे’ म्हणतात. दोघांचेही म्हणणे ऐकून मला १९४० सालच आठवते. जाणकाराला उणीव दिसते आणि सामान्य माणसाला सोय दिसते. दोघेही खरे बोलत असतात. पण उणीव दाखविणे हे जाणकाराचे काम, दार लावणे हे नव्हे. मुलाला खऱ्या तंबोऱ्याशेजारी एकदा बसवावे, खर्जाच्या तारेतला गंधार ऐकवावा, आणि मग पेटीची पट्टी दाबून दाखवावी. फरक त्याचा त्यालाच कळतो. मी हे वर्गात करून पाहिले आहे. काही मुलांचे डोळे चमकतात, काहींना काहीच वेगळे वाटत नाही. आणि दोन्ही प्रकारची मुले दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला त्याच पेटीबरोबर गातात.